समुद्रातल्या तेलविहिरी आणि आपला गाळ: धातू कसे तपासायचे आणि बेरियमचा आकडा का मागायचा

"मास्तर, यो चिखल बॉम्बे हायवरनं आलाय ना?"

अलिबागच्या दक्षिणेला एका कोळीवाड्यात काही वर्षांपूर्वी एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, मला हे विचारलं. त्याच्या हातात एका खासगी प्रयोगशाळेचा अहवाल होता. सोसायटीने वर्गणी काढून खाडीतला गाळ तपासून घेतला होता. तांबं जास्त, निकेल जास्त, क्रोमियम जास्त, आणि खाली शेरा, "गाळ प्रदूषित". बोंबील आणि मांदेली कमी झाल्याची काळजी आधीपासून होती, आता हातात कागदही आला होता. तो जोडून अर्ज करायचं ठरलं होतं.

तो अर्ज टिकला नसता. अहवालात बेरियम नव्हतं, ॲल्युमिनियम नव्हतं, नमुना कुठून आणि किती खोलीवरून घेतला याचा उल्लेख नव्हता. समोर बसलेल्या कोणत्याही जाणकाराने दोन मिनिटांत सांगितलं असतं की हे तांबं सह्याद्रीच्या काळ्या दगडातलं आहे. ते बहुधा खरंही ठरलं असतं. मग पुढच्या वेळी खरी तक्रार घेऊन गेलं तरी कोणी कान दिला नसता.

म्हणून हा लेख मच्छीमार संस्था, कॉलेजातले रसायनशास्त्राचे आणि भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी, आणि आपल्या खाडीची काळजी असलेल्या कोणासाठीही आहे. तेलविहिरींमुळे समुद्रतळाच्या गाळात धातू वाढले का, हे कसं शोधायचं ते इथे क्रमाने सांगतो.

आधी समजून घ्या: विहिरीतून तळावर काय पडतं

१९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' रिगला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं आणि १९७६ पासून तिथून उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून अंतर साधारण १६० किलोमीटर, पाण्याची खोली ७० ते ७५ मीटर, म्हणजे आपल्या मोजणीत चाळीस वाव. पुढे हिरा, नीलम, पन्ना, मुक्ता अशी क्षेत्रं आली, शेकडो विहिरी खोदल्या गेल्या.

विहीर खोदताना पोकळ पाइपातून एक दाट द्रव खाली सोडतात. रिगवर त्याला नुसतं 'मड' म्हणतात. तो खालच्या दगडाचा चुरा उचलून वर आणतो, ड्रिलचं पातं थंड ठेवतो, आणि आपल्या वजनाने खालच्या वायूचा दाब धरून ठेवतो. या वजनासाठी त्यात बराईट नावाच्या खनिजाची पूड घालतात. बराईट पाण्याच्या चौपटीहून जड असतं. आंध्र प्रदेशात मंगमपेटला त्याच्या जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक साठा आहे. रासायनिक दृष्ट्या ते बेरियम सल्फेट, आणि त्याच्या वजनात जवळजवळ ५९ टक्के एकटं बेरियम.

वर आलेलं मड हलत्या चाळण्यांवरून जातं. मड पुन्हा वापरतात, दगडाचा चुरा धुऊन समुद्रात सोडतात. विहिरीचा अगदी वरचा टप्पा खोदताना तर चुरा रिगपर्यंत येतही नाही, थेट तळावरच पसरतो. त्या चुऱ्याला चिकटलेलं बराईट तळाच्या गाळात मिसळतं.

बेरियम मुख्य, पण एकटं नाही. बराईटच्या खनिजात पारा, कॅडमियम, शिसं, जस्त, आर्सेनिक यांचे अंश असतात. पाइपांच्या आट्यांना लावायच्या ग्रीसमध्ये शिसं, जस्त, तांबं असू शकतं. प्लॅटफॉर्मचे लोखंडी पाय गंजू नयेत म्हणून जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवतात, ते वर्षानुवर्षं झिजत राहतात. तेलाबरोबर वर येणाऱ्या खाऱ्या पाण्यात बेरियम, लोह, मँगनीज, जस्त विरघळलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यामुळे त्यातलं बेरियम समुद्रात पडताच पुन्हा बराईट होऊन खाली बसतं.

हे किती लांब जातं? जाड चुरा शंभर-दोनशे मीटरच्या आत पडतो. बराईटची बारीक पूड एक किलोमीटरपर्यंत, आणि अनेक विहिरी एकत्र असतील तिथे काही किलोमीटरपर्यंत गाळात ओळखू येते. त्यापुढे ती नैसर्गिक बेरियममध्ये मिसळून जाते. शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या खाडीत विहिरीचं बराईट मोजता येईल इतकं साठलं असेल, असं मला वाटत नाही. पण तेलक्षेत्रांच्या आसपास जाळं ओढणाऱ्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे.

एक हिशोब कायम लक्षात ठेवा. एक किलो कोरड्या गाळात एक ग्रॅम बराईट मिसळलं तर बेरियम जवळजवळ ५९० मिलिग्रॅमने वाढतं. बराईटमध्ये पारा किलोला १ मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या बराईटच्या त्याच एका ग्रॅमने पारा वाढेल फार तर ०.००१ मिलिग्रॅम, आणि कॅडमियम ०.००३. हे आकडे कोणत्याही यंत्राच्या चुकीत बुडून जातील. बेरियम मात्र लगेच दिसेल. तेव्हा गाळात पारा भरपूर आणि बेरियम नेहमीचंच असेल, तर समुद्राकडे नाही, नदीच्या वरच्या अंगाला बघा.

पायरी पहिली: प्रश्न एकाच ओळीत लिहा

हे कागदावर लिहा आणि सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवा. "आमच्या खाडीत धातू वाढले का?" हा एक प्रश्न. "पंचवीस वावावर आम्ही जाळं ओढतो तिथल्या गाळात विहिरीचा अंश आहे का?" हा पूर्ण वेगळा प्रश्न. पहिल्यासाठी ओहोटीला चिखलात उतरलं तरी चालतं, दुसऱ्यासाठी होडी, ग्रॅब (तळाचा गाळ उचलायचा लोखंडी जबडा) आणि चांगलं हवामान लागतं. दोन्ही एकदम करायला गेलात तर पैसे अर्ध्यात संपतात आणि कशाचंच उत्तर मिळत नाही.

आणि वरच्या बाजूला काय आहे त्याचा नकाशा त्याच दिवशी काढा. कुंडलिकेच्या काठी रोहा, सावित्रीच्या काठी महाड, वाशिष्ठीच्या खाडीवर लोटे-परशुराम, पाताळगंगेच्या खोऱ्यात रसायनी, ठाण्याच्या खाडीभोवती तर सगळंच. बंदरं, जेट्ट्या, गाळ उपसण्याची ठिकाणं, होड्या रंगवायच्या जागा, सगळं टिपा. होडीच्या तळाला लावायच्या लाल रंगात तांबं असतं. जिथे होड्या ओढून रंगवतात त्या चिखलात तांबं जास्त निघालं, तर त्यात नवल नाही.

पायरी दुसरी: जागा निवडा

प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं, त्यात शिरायचं नाही. हे कायद्याचं आहे आणि जिवाचंही. त्या आतला गाळ तपासणं कंपनीचं काम, आणि ती माहिती मागणं तुमचं. ते शेवटच्या पायरीत येईल.

बाहेर नमुने घ्यायचे तर क्षेत्राच्या कडेपासून सुरू करून एक, दोन, पाच, दहा किलोमीटर अशी रेघ धरा. एक रेघ प्रवाहाच्या दिशेने, एक आडवी. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे, त्यामुळे एकाच बाजूचे नमुने घेऊन भागत नाही. त्याच खोलीवर, त्याच प्रकारच्या तळावर, विहिरींपासून दूर निदान तीन नमुने तुलनेसाठी हवेतच.

'त्याच प्रकारच्या तळावर' हे तीन शब्द पुन्हा वाचा. आपल्या समोरच्या समुद्रात किनाऱ्यापासून साधारण ५०–६० मीटर खोलीपर्यंत मऊ चिखल आहे. नर्मदा-तापीने आणलेला आणि आपल्या नद्यांचा. त्यापुढे तळ बदलतो, जुनी चुनखडीयुक्त वाळू लागते, जी समुद्र आजच्यापेक्षा खूप खाली होता तेव्हाची आहे. बॉम्बे हाय या दुसऱ्या पट्ट्यात येतं. धातू चिखलाला चिकटतात, चुन्याच्या वाळूला फारसे चिकटत नाहीत. त्यामुळे रेवदंड्याच्या चिखलाची तुलना बॉम्बे हायच्या वाळूशी केली तर चिखल नेहमीच जास्त दूषित दिसेल, मग विहिरी असोत वा नसोत. जाळ्यात काय लागतं यावरून तळ ओळखणारे जुने तांडेल या कामात कोणत्याही नकाशाइतके उपयोगी पडतात. त्यांना बरोबर घ्या.

खाडीतलं काम असेल तर तोंडापासून वर, भरतीचं पाणी पोचतं तिथपर्यंत सहा-सात जागा पुरतात. कांदळवनात पाय ठेवण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाला विचारा.

पायरी तिसरी: वेळ

वर्षातून दोन फेऱ्या करा. एक पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास, आणि एक एप्रिल-मेमध्ये, १ जूनची मासेमारी बंदी लागण्याआधी. सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यातला प्राणवायू खूप कमी होतो, गाळातलं मँगनीज आणि लोह सुटून वर येतं आणि आकडे फसवतात. खाडीत भांगाच्या दिवसांत काम करा, उधाणाला पाणी गाळ ढवळून टाकतं.

पायरी चौथी: नमुना काढणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या पुढे कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाहीत.

खोल पाण्यात 'व्हॅन व्हीन' ग्रॅब वापरतात. लोखंडी जबडा उघडा सोडायचा, तळाला टेकला की मिटतो. वर आल्यावर आधी बघा: वरचं पाणी गढूळ आहे की निवळ, वरचा थर जागेवर आहे की वाहून गेला. जबड्यात शिंपला किंवा दगड अडकून फट राहिली असेल तर बारीक गाळ गळून गेलेला असतो. बराईटची पूड नेमकी त्या बारीक भागातच असते, तेव्हा तो नमुना टाकून पुन्हा ग्रॅब सोडा. खलाशी कुरकुर करतील, करू द्या.

चांगला नमुना मिळाला की ग्रॅबच्या कडांना न टेकता, मधोमध, प्लास्टिकच्या चमच्याने वरचा फक्त दोन सेंटिमीटरचा थर उचला. अलीकडे काय पडलं ते त्याच थरात असतं. दहा-पंधरा सेंटिमीटर एकत्र कालवलंत तर दोन वर्षांचा गाळ वीस वर्षांच्या गाळात बुडवलात.

हात स्वच्छ आणि पावडर नसलेले रबरी मोजे घातलेले हवेत. उन्हाची क्रीम, कॅलामाइन, अंगाची पावडर यांत जस्त असू शकतं, तांब्या-पितळेची भांडी तर नमुन्याजवळ आणूच नका. इंजिन बंद करा किंवा धुराच्या विरुद्ध बाजूला उभे राहा. होडीच्या रंगाला ग्रॅब घासू देऊ नका. डबे जाड पॉलिथिनचे, आधी दहा टक्के नायट्रिक आम्लात एक दिवस भिजवून शुद्ध पाण्याने धुतलेले. हे आम्लाचं काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, चष्मा घालून.

लेबल पेन्सिलीने लिहा, शाई समुद्रावर टिकत नाही. तारीख, वेळ, जीपीएसचा आकडा, खोली वावांत आणि मीटरमध्ये दोन्हीत (एक वाव म्हणजे सहा फूट), गाळाचा रंग, वास. काळा आणि कुजक्या अंड्याचा वास येणारा असेल तर तसं लिहा, त्याचा पुढे उपयोग होतो. दर दहा नमुन्यांमागे एका जागी दोनदा ग्रॅब टाकून जोडनमुना घ्या. एक रिकामा डबा नुसता उघडून बंद करून बरोबर आणा, त्यात काही निघालं तर ते होडीवरचं. सगळं बर्फात ठेवा. सुरमईसाठी ठेवता तोच बर्फ चालतो, फक्त वितळलेलं पाणी डब्यात शिरू देऊ नका.

आता कोअर. खाडीत ओहोटीला चिखलात पारदर्शक ॲक्रिलिकची नळी दाबून उभा थर काढता येतो, अर्धा मीटर किंवा जास्त. लोक घराची पीव्हीसी पाइप वापरतात. आपल्याकडच्या जुन्या पीव्हीसीत शिसं असतं, त्यामुळे तिचा वापर करावाच लागला तर नळीला टेकलेला बाहेरचा थर प्लास्टिकच्या पातीने खरवडून टाका आणि मधला गाभाच पाठवा. कोअरचे दोन-दोन सेंटिमीटरचे काप करून प्रत्येक वेगळ्या डब्यात ठेवा.

एवढा खटाटोप कोअरसाठी का? कारण खालचा थर हा तुमच्याच खाडीचा, पण आधीच्या काळाचा असतो. शिसं-२१० या किरणोत्सारी अणूवरून थरांची वयं काढता येतात, त्याचा अर्धायुष्य काळ साधारण २२ वर्षांचा. सीझियम-१३७ चा सगळ्यात ठळक थर १९६३ च्या आसपासचा, अणुचाचण्यांच्या दिवसांचा. म्हणजे १९७४ च्या खालचा आणि वरचा गाळ वेगळा करता येतो. शेजारच्या खाडीशी, परदेशातल्या सरासरीशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच आजोबांच्या काळातल्या चिखलाशी तुलना केली, तर त्यावर वाद घालायला फारच कमी जागा उरते.

पायरी पाचवी: प्रयोगशाळेला नेमकं काय सांगायचं

नुसतं "हेवी मेटल टेस्ट करा" म्हणालात तर तुम्हाला त्या तांडेलासारखाच कागद मिळेल. लेखी द्या, आणि पैसे भरण्याआधी लेखी उत्तर घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: बराईट अम्लराजात विरघळत नाही. बहुतेक प्रयोगशाळा गाळ नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांत उकळतात, वरचं द्रावण यंत्राला देतात आणि खालचा अवशेष गाळून टाकतात. तांबं, जस्त, शिसं यांना हे चालून जातं. बराईट मात्र त्या टाकलेल्या अवशेषात राहतं. गाळ बराईटने भरलेला असला तरी अहवालात बेरियम कमीच दिसेल, आणि तो अहवाल उद्या तुमच्याच विरोधात वापरला जाईल. माझ्या हातून हे एकदा घडलं आहे. एका पूर्ण हंगामाचे नमुने, होडीचं डिझेल, मुलांची मेहनत, आणि शेवटी बेरियमच्या रकान्यात निरुपयोगी आकडे. पद्धत विचारायला हवी होती, मी विचारली नाही. तेव्हापासून पहिला प्रश्न मी हाच विचारतो.

हायड्रोफ्लोरिक आम्ल घालूनही बराईट पूर्ण सुटेल याची खात्री नसते. भरवशाचा मार्ग म्हणजे गाळ लिथियम मेटाबोरेटबरोबर भट्टीत वितळवून मग आम्लात विरघळवणं आणि आयसीपी या धातू मोजायच्या यंत्रावर मोजणं. दुसरा मार्ग एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी घन नमुनाच मोजणं. पण इथे कोकणचा एक खास अडथळा आहे. आपल्या गाळात टायटॅनियम भरपूर असतं. काळ्या दगडातलं, आणि रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्याच्या किनाऱ्यांवर तर इल्मेनाइटची काळी वाळूच आहे. बेरियमच्या कमी ऊर्जेच्या क्ष-किरण रेषा टायटॅनियमच्या रेषेवर चढतात आणि साधं यंत्र टायटॅनियमलाच बेरियम समजतं. म्हणून विचारा: बेरियम कुठल्या रेषेवर मोजणार? उच्च ऊर्जेच्या 'के' रेषेवर असेल तर ठीक. हातात धरायचं यंत्र फक्त पहिल्या चाळणीसाठी वापरा.

बाकीचं थोडक्यात. आकडे कोरड्या वजनावर हवेत. पाऱ्यासाठी गाळ ४० अंशांपेक्षा जास्त तापवायचा नाही, नाहीतर पारा उडून जातो. ६३ मायक्रॉनखालचा बारीक भाग वेगळा करून मोजा, चाळणी नायलॉनची हवी. पितळी चाळणी तांबं आणि जस्त स्वतःच देते. प्रत्येक नमुन्यात ॲल्युमिनियम, लोह, टायटॅनियम आणि सेंद्रिय कार्बन मोजून घ्या. प्रमाणित संदर्भ गाळ, म्हणजे ज्यातले धातू आधीच ठाऊक आहेत असा गाळ, सोबत चालवायला सांगा आणि त्यात प्रत्येक धातू किती टक्के परत मिळाला ते अहवालात लिहून घ्या. ८० ते १२० टक्क्यांच्या बाहेर असेल तर तो धातू बाजूला ठेवा.

शंका उरली आणि जवळच्या विद्यापीठात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असेल, तर गाळाची एक चिमूट त्याखाली ठेवायला सांगा. बराईटचे कण जड असल्याने करड्या मातीत पांढरे चमकतात. एका कणात बेरियम आणि गंधक दोन्ही दिसलं की तो बराईट. तो कण ड्रिलिंगचाच आहे हे एवढ्याने ठरत नाही, समुद्रात नैसर्गिक बराईटही असतं. पण प्लॅटफॉर्मकडे जाताना असे कण वाढत गेले, तर ते मोठं प्रमाण आहे.

पायरी सहावी: आकडे वाचायचे कसे

तांडेलाच्या अहवालात तांब्याची तुलना अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या प्राथमिक इशारा-पातळीशी केली होती. ती तांब्याला किलोमागे ३४ मिलिग्रॅम, निकेलला २०.९, क्रोमियमला ८१. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्या त्याच काळ्या दगडात, तांबं मुळातच शंभराच्या वर असतं, निकेल आणि क्रोमियमही भरपूर. त्या दगडाची झीज होऊन आलेला चिखल, माणूस नावाचा प्राणी इथे आला नसता तरी, या पातळ्या ओलांडून गेला असता. म्हणून फक्त त्या आकड्यांशी ताडून "प्रदूषित" लिहिणं कोकणात चालत नाही.

त्याऐवजी प्रत्येक धातूला ॲल्युमिनियमने भागा. गाळ जितका बारीक, तितकं ॲल्युमिनियम जास्त आणि धातूही जास्त, भागाकाराने हा फरक निघून जातो. मग वरच्या थराचा भागाकार खालच्या जुन्या थराच्या भागाकाराने भागा. येईल ती संख्या म्हणजे वाढीचा पट.

समजा वरच्या थरात तांबं १४० आणि ॲल्युमिनियम ७ टक्के, खालच्या जुन्या थरात तांबं १३० आणि ॲल्युमिनियम ६.५ टक्के. दोन्हीकडे भागाकार २०. वाढ एक पट, म्हणजे काहीच वाढ नाही. आता हेच तांबं जगाच्या सरासरी शेल खडकाशी ताडा, जिथे तांबं ४५ आणि ॲल्युमिनियम ८ टक्के धरतात. उत्तर येतं साडेतीन पट. चिखल तोच, तांबं तेच, आणि निष्कर्ष दोन टोकांचे. अहवालात 'वाढीचा पट' दिसला की पहिला प्रश्न: कशाच्या तुलनेत?

बेरियमचं उलट आहे. सरासरी शेलमध्ये बेरियम ५८० मिलिग्रॅम, पण आपल्या बेसॉल्टमध्ये त्याहून बरंच कमी. म्हणजे कोकणच्या बेसॉल्टी गाळात बराईट थोडं आलं तरी ते उठून दिसायला हवं, आणि शेलशी तुलना केली तर तेच लपून जाईल. समजा वर बेरियम ४०० आणि ॲल्युमिनियम ७, खाली बेरियम २०० आणि ॲल्युमिनियम ६.५. वाढ जवळजवळ १.९ पट. शेलशी ताडलं तर उत्तर एकच्या खाली येतं, "सगळं स्वच्छ". मालवण-वेंगुर्ल्याकडे बेसॉल्ट संपून जुने खडक लागतात, तिथे मूळ बेरियम वेगळं असू शकतं. रायगडची मूळ पातळी सिंधुदुर्गाला लावू नका. कणकवलीजवळ क्रोमाइट आहे, रेडीला लोहखनिज, तेही हिशोबात धरा.

मग चित्र जुळवा. बेरियम प्लॅटफॉर्मकडे जाताना वाढतं, किनाऱ्याकडे कमी होतं, आणि खोल थरात कमी आहे: विहिरीचा माग. जस्त वाढलंय, बेरियम नाही, आणि जागा लोखंडी बांधकामाजवळ आहे: ठोकळ्यांची झीज. पारा, शिसं, कॅडमियम खाडीच्या तोंडापासून वर जाताना वाढतात: नदीवरचा कारखाना किंवा सांडपाणी. तांबं जेट्टीजवळच वाढलंय: होड्यांचा रंग. खरे नमुने इतके सरळ नसतात, दोन-तीन कारणं एकत्र असतात, आणि तसं लिहायला घाबरू नका.

गाळातलं बेरियम वाढलं म्हणजे मासा विषारी झाला, असंही म्हणू नका. बराईट पाण्यात फारच कमी विरघळतं, जिवांच्या अंगात सहज जात नाही. प्राणवायू संपलेल्या काळ्या गाळात सल्फेट खाणारे जिवाणू त्याला हळूहळू सोडवू शकतात, म्हणून वास आणि रंग टिपायला सांगितलं. तळावरचे किडे-शिंपले चुऱ्याच्या थराखाली गाडले जातात, तळाचा पोत बदलतो, हा परिणाम विहिरीजवळ धातूंपेक्षाही मोठा असू शकतो. खाण्यातून काय पोटात जातं हे बघायचं तर कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) वेगळ्या तपासा. कालवं जस्त, तांबं आणि कॅडमियम अंगात साठवतात.

पायरी सातवी: कागद मागा

ऑगस्ट २००५ च्या केंद्रीय अधिसूचनेने समुद्रातल्या ड्रिलिंगला नियम घातले. डिझेलवर आधारलेलं मड वापरायला बंदी. सहा-संयुजी क्रोमियमला बंदी. बराईटमधल्या पाऱ्या-कॅडमियमची मर्यादा, जी वर सांगितली. धुतलेला चुरा दर विहिरीमागे तासाला सरासरी ५० बॅरल या वेगाने, थांबून-थांबून सोडायचा. रोज किती सोडलं याची नोंद ठेवायची आणि सहा महिन्यांनी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला अहवाल द्यायचा.

म्हणजे ही माहिती कुठेतरी लिहिलेली असते. पर्यावरण मंजुरीची पत्रं केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधा. मंजुरीच्या अटींचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात. मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा, उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. अर्जात "प्रदूषणाची माहिती द्या" लिहू नका. असं लिहा: अमुक विहिरीभोवतीच्या गाळातल्या बेरियमचे खोदकामापूर्वीचे आणि नंतरचे आकडे, नमुन्यांची ठिकाणं, गाळ विरघळवण्याची पद्धत, वापरलेल्या बराईटचे पारा आणि कॅडमियमचे चाचणी-दाखले, समुद्रात सोडलेल्या चुऱ्याचं रोजचं प्रमाण. नेमकं मागितलं की उत्तर टाळणं अवघड होतं.

नियम २००५ चे आहेत, विहिरी १९७४ पासूनच्या. आधीच्या तीस वर्षांत कुठलं मड वापरलं गेलं, त्याचा चुरा आज कुठे पडला आहे, आणि जुने प्लॅटफॉर्म काढताना तो ढवळला जाणार का, हे विचारायला आत्ताच सुरुवात करायला हवी. शोधासाठी खोदायच्या विहिरी जानेवारी २०२० पासून जनसुनावणी न लागणाऱ्या वर्गात आहेत. म्हणजे गावात येऊन कोणी विचारणार नाही, आपणच पत्र लिहायचं.

अहवाल हातात आला की पद्धतीचा परिच्छेद आधी वाचा. तिथे नुसतं आम्लात उकळल्याचं लिहिलं असेल, तर बेरियमचे आकडे कितीही कमी असले तरी वितळवून पुन्हा मोजायची मागणी करा. त्यासाठी आपल्याकडचा गाळही शिल्लक हवा. म्हणून प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग प्रयोगशाळेला द्यायचाच नाही. तो वाळवून, डबा बंद करून, झाकणावर सोसायटीच्या दोन सदस्यांच्या सह्या घेऊन कोरड्या कपाटात ठेवायचा. त्या कोळीवाड्यातले डबे अजून सोसायटीच्या ऑफिसात, वजनकाट्याच्या वरच्या फळीवर आहेत.